माती विकून आलेले पैसे

(द्वितीय वर्ष, कला)

मागच्या सत्रात अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी आम्हाला नाउरू या देशाची हकीकत सांगितली. पॅसिफिक महासागरातले हे एक बेट. क्षेत्रफळ जेमतेम २१ चौरस किलोमीटर, लोकवस्ती बारा हजारांच्या आसपास. म्हणजे आमच्या तालुक्यातली दोन-तीन मोठी गावे एकत्र केली की एक नाउरू होईल. या बेटावर उत्तम प्रतीचे फॉस्फेट सापडले. ते विकून १९७० च्या दशकात तिथला माणूस जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाऊ लागला आणि पुढच्या तीसेक वर्षांत तो देश कफल्लक झाला. हकीकत संपली तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "दैव देते आणि कर्म नेते!" वर्ग हसला. सरही हसले. मला मात्र हसू आले नाही. का आले नाही, हे त्या वेळी मला नीट सांगता आले नसते. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आमचे नदीकाठी वीस गुंठे मळईचे रान होते. 'होते' म्हणते, कारण रान अजून आहे, मळई नाही. मी नऊ वर्षांची असताना ताईचे लग्न ठरले आणि त्याच वर्षी एक वीटभट्टीवाला अण्णांकडे आला. दोन फूट माती काढायची, ट्रॉलीमागे ठरावीक पैसे द्यायचे, असा तोंडी सौदा झाला. आमचे घर रानातच आहे. आईला अक्षरओळख नाही. ती भरलेली प्रत्येक ट्रॉली गेली की घराच्या मागच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढी आणि संध्याकाळी मी त्या रेघा मोजून तिला सांगे. शेवटी हिशेबाला बसले तेव्हा आईच्या रेघा ४१२ भरल्या आणि भट्टीच्या मुनीमाच्या वहीत ट्रॉल्या निघाल्या ३४०. वही लिहिलेली होती, रेघा भिंतीवर होत्या. वही खरी ठरली. अण्णा मुकाट्याने पैसे घेऊन उठले. लग्न थाटात झाले, उरलेल्या पैशांतून माझी शाळेची फी भरली गेली. आज त्या रानात मुरूम उघडा पडला आहे. शेजारच्या रानापेक्षा ते दोन फूट खोल असल्याने पावसाळ्यात पाणी तुंबते, आणि रब्बीची ज्वारी गुडघ्याच्या वर जात नाही.

आता गावातला कुणीही म्हणेल की, अण्णांना अक्कल नव्हती. दैव देते, कर्म नेते. पण मी त्या रेघा मोजल्या आहेत. म्हणून नाउरूची हकीकत सरांनी जिथे सुरू केली तिथून नव्हे, तर त्याच्याही मागून सुरू करावी असे मला वाटते.

त्या बेटावरच्या फॉस्फेटचा शोध लागला तो सिडनी शहरातल्या एका कंपनीच्या कचेरीत. नाउरूहून आणलेला एक दगड तिथे दार उघडे राहावे म्हणून टेकण लावलेला होता. आल्बर्ट एलिस नावाच्या कर्मचाऱ्याने तो तपासला, आणि १९०० साली कळून चुकले की हे बेटच्या बेट म्हणजे खताची रास आहे. बेटावर तेव्हा जर्मनीचा अंमल होता. काही वर्षांतच खाणकाम सुरू झाले. जमिनीच्या मालकाला टनामागे मिळत होता अर्धा पेनी! पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने बेट ताब्यात घेतले आणि मग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तीन देशांनी मिळून ब्रिटिश फॉस्फेट कमिशन स्थापन केले. ब्रिटन व ऑस्ट्रेलियाला प्रत्येकी ४२ टक्के, न्यूझीलंडला १६ टक्के, अशी वाटणीसुद्धा ठरवून घेतली. ज्यांचे बेट, त्यांचे नाव या वाटणीत नाही. हे फॉस्फेट बाजारभावाने विकलेच जात नव्हते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या शेतकऱ्यांना ते जवळजवळ खर्चाच्या भावात पुरवले जाई. एका बेटाची माती खरवडून दुसऱ्यांची कुरणे हिरवी केली गेली. आमच्याकडे पेरणीच्या वेळी सुपर फॉस्फेटची गोणी येते, तीही अशाच खडकापासून बनलेली असते. गोणी फोडताना हा खडक कुणाच्या दारातून निघाला असेल, असा विचार मी तरी आजवर केला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी हे बेट घेतले. बाराशे नाउरूवासीयांना त्यांनी शेकडो मैल दूर ट्रुक बेटांवर वेठीला नेले. त्यांपैकी ७३७ जण जिवंत परतले, ३१ जानेवारी १९४६ रोजी. बावीस वर्षांनी, १९६८ साली, नाउरू स्वतंत्र झाला तो मुद्दाम याच तारखेला. त्याआधी १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला होता: तुमचे बेट आता खणून संपत आले आहे, तेव्हा तुम्ही सर्वांनी आमच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर राहायला यावे. नाउरूच्या लोकांनी नकार दिला. ज्यांना आपण वर्गात 'आयते खाणारे' म्हणून हसलो, ते हे लोक. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांना स्वतःच्याच बेटावरची खाण २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून विकत घ्यावी लागली.

इथून पुढची हकीकत सरांनी सांगितली तशीच आहे, आणि ती मी नाकारीत नाही. पैसा धो धो आला. प्राप्तिकर नाही, दवाखाना फुकट, शिक्षण फुकट. स्वतःची विमान कंपनी निघाली. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात 'नाउरू हाउस' नावाची ५२ मजली इमारत उभी राहिली. फॉस्फेट संपेल तेव्हा खायला असावे म्हणून एक न्यासही स्थापन केला होता. म्हणजे उद्याचा विचार त्यांनी केलाच नव्हता असे नाही. पण त्या न्यासाचा पैसा कुठे गुंतवला जातो हे सामान्य माणसाला कधी कळले नाही. १९९३ मध्ये तर नाउरूच्या पैशातून लंडनला लिओनार्दो दा विंचीच्या जीवनावर एक संगीतिका रंगभूमीवर आणली गेली आणि ती साफ आपटली. (आमच्या गावच्या जत्रेत कनात जळाली म्हणून तमाशाचा फड बुडाल्याचे मला माहीत आहे. पण एक अख्खा देश नाटकात पैसे घालवतो हे वाचून मी पान दोनदा उलटून पाहिले.) खर्च भागेना तेव्हा सरकारने कर्जे काढली. २००४ मध्ये ती ५२ मजली इमारत कर्जापायी विकावी लागली. २००५ च्या डिसेंबरात उरलेले एकमेव विमानही धनकोंनी जप्त केले. बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग खणून झालेला आहे. तिथे आता प्रवाळी खडकाचे सुळके तेवढे उभे आहेत. लोक राहतात ते किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीत. २००१ पासून तर ऑस्ट्रेलियाला नको असलेल्या निर्वासितांना आपल्या बेटावर ठेवून घेणे, हेच त्या सरकारच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन झाले. ज्यांनी माती नेली, त्यांनी पुढे माणसे आणून ठेवली.

तेव्हा चूक कुणाची? मला असे वाटते की, पहिली चूक हिशेबाची आहे, आणि ती केवळ नाउरूची नाही. आपण पाठ्यपुस्तकात राष्ट्रीय उत्पन्न मोजायला शिकतो. कारखान्यातले यंत्र झिजते म्हणून त्याचा घसारा वजा करतो आणि मग निव्वळ उत्पन्न काढतो. परंतु खाणीतून एक टन फॉस्फेट काढून विकले, तर खाणीत एक टन कमी झाले याचा घसारा कुणी वजा करत नाही. आलेली सगळी रक्कम 'उत्पन्न' म्हणून मांडली जाते. ज्या वर्षी अण्णांनी माती विकली, त्या वर्षी कुणी आमच्या घराचे दरडोई उत्पन्न काढले असते, तर आम्ही गावातले सुखवस्तू कुटुंब ठरलो असतो. पीक विकणे आणि शेत विकणे यांतला फरक अडाणी शेतकऱ्यालाही कळतो. अण्णांनाही तो कळत होता. त्या वर्षी ते कुणाशी फारसे बोलत नसत. तो फरक मोठमोठ्या देशांच्या अंदाजपत्रकांत मात्र दिसत नाही.

दुसरी चूक मला अधिक महत्त्वाची वाटते. नाउरूमध्ये २०१४ पर्यंत प्राप्तिकर नव्हता. ही गोष्ट ऐकताना आपल्याला हेवा वाटतो. पण ज्याच्या खिशातून पैसा जात नाही, तो पावतीही मागत नाही. सरकारचे पोट लोकांच्या घामावर भरत असेल, तर त्याला लोकांपुढे निदान वर्षातून एकदा हिशेब घेऊन उभे राहावे लागते. ते खाणीवर भरत असेल, तर सरकारला लोकांची गरज उरत नाही; उलट लोकांनाच सरकारची मर्जी राखावी लागते. आपल्याकडे तळे राखी तो पाणी चाखी असे म्हणतात. राखणाराने थोडे चाखावे, हे आपण गृहीतच धरलेले आहे. पण तळ्यात किती पाणी होते याची खूण काठावर कुणी केलेलीच नसेल, तर चाखले किती आणि उपसले किती हे सांगणार कोण?

तेल, सोने, तांबे यांनी आणखी एक नुकसान होते, ते पुस्तकात 'डच रोग' या नावाने दिलेले आहे. १९५९ मध्ये हॉलंडमध्ये नैसर्गिक वायूचे साठे सापडले आणि त्यामुळे तिथल्या इतर उद्योगांना उतरती कळा लागली, म्हणून हे नाव. पण मला तो रोग कळला तो नायजेरियाच्या भुईमुगावरून. त्या देशात कानो नावाचे शहर आहे. तिथे एके काळी भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे रचून ठेवलेले असत, अक्षरशः पिरॅमिडसारखे. देशाच्या नोटेवर आणि टपाल तिकिटांवर मिरवावे असे ते दृश्य होते. मग १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला. तेलाच्या जोरावर चलन वधारले, परदेशी धान्य स्वस्त झाले, शेतमाल बाहेर विकणे परवडेना, आणि तरुण पोरे शेत सोडून शहराकडे निघाली. दुष्काळ आणि पिकावरचा रोग यांचाही त्यात वाटा होता, तो लपवू नये. पण एरवी दुष्काळानंतर शेतकरी पुन्हा उभा राहतो. इथे त्याला उभे करण्याची निकडच कुणाला राहिली नाही. मनोरे गेले ते गेलेच.

आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे की, हे सगळे अटळच आहे. फुकटचा पैसा पचत नाही. तिला उत्तर म्हणून मी बोट्स्वानाचे उदाहरण देते. आफ्रिकेच्या दक्षिणेतला हा देश, बराचसा कालाहारी वाळवंटाने व्यापलेला. ३० सप्टेंबर १९६६ रोजी तो स्वतंत्र झाला तेव्हा साऱ्या देशात पक्की सडक होती १२ किलोमीटर आणि पदवीधर होते २२. बावीस! आमच्या घराण्यात मी पदवीच्या वर्गात बसणारी पहिली, याचे मला फार वाटत असे. इथे एका अख्ख्या राष्ट्राची तीच गत होती. पुढच्याच वर्षी तिथल्या ओरापा भागात हिऱ्यांची खाण सापडली.

मग त्यांनी काय केले? पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा हे स्वतः एका मोठ्या जमातीच्या राजघराण्यातले. त्यांच्या सरकारने १९६७ मध्ये कायदा करून जमिनीखालील खनिजांवरचा हक्क जमातींकडून राष्ट्राकडे घेतला. त्यात त्यांच्या स्वतःच्या जमातीचा हक्कही गेला. हिरे काढणारी परदेशी कंपनी होतीच, पण १९७५ मध्ये त्यांनी तिच्याशी पुन्हा वाटाघाटी करून निम्मा हिस्सा घेतला. हिऱ्यांचा पैसा रोजच्या खर्चाला वापरायचा नाही, तो रस्ते, शाळा, दवाखाने अशा टिकणाऱ्या गोष्टींत घालायचा, असा दंडक पाळण्याचा त्यांनी बराच काळ प्रयत्न केला. १९९० च्या दशकात शिलकीचा 'पुला निधी' उभारला. पुला हे त्यांच्या नाण्याचे नाव. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पाऊस. हिऱ्यांच्या देशाने नाण्याला पावसाचे नाव द्यावे, हे आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तरी समजावून सांगावे लागणार नाही.

आणि हे त्यांनाच का जमले, याचे अभ्यासकांनी दिलेले एक कारण मला फार पटले. तिथे हिरे सापडण्याच्या कितीतरी आधीपासून 'खोत्ला' नावाची गावसभा होती. गुरे राखणारा साधा माणूसही तिथे उठून मुखियाला प्रश्न विचारू शके. म्हणजे हिशेब विचारण्याची सवय आधी होती, पैसा मागून आला. नाउरूमध्ये साठ-सत्तर वर्षे हिशेबाची वही परक्यांच्या हातात होती. ती अचानक चार माणसांच्या हातात आली, आणि बाकीच्यांना ती मागण्याची सवय लागण्याआधीच पैसा संपला.

बोट्स्वाना म्हणजे रामराज्य नव्हे. तिथे गरीब-श्रीमंतांत मोठी दरी आहे, बेकारी आहे, एड्सने तिथे फार बळी घेतले. कालाहारीतल्या सान लोकांना १९९७ आणि २००२ मध्ये त्यांच्या भूमीतून हलवले गेले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. अलीकडे प्रयोगशाळेत बनवलेले हिरे बाजारात आल्याने खाणीतल्या हिऱ्यांचा भाव घसरला आणि सरकारची तिजोरी अडचणीत आली. २०२४ च्या निवडणुकीत, स्वातंत्र्यापासून ५८ वर्षे राज्य करणारा पक्ष लोकांनी घरी बसवला. काहींना हे त्या देशाचे अपयश वाटते. मला तसे वाटत नाही. हिरे कमी झाले तरी प्रश्न विचारण्याची सवय शिल्लक आहे, एवढाच मी त्याचा अर्थ घेते.

हे सर्व परदेशातले झाले. आपल्या शेजारच्या गोव्यात काय झाले तेही पाहावे. तिथल्या लोखंडाच्या खाणी पोर्तुगीज अमदानीत कायमच्या सवलतीने दिल्या गेल्या होत्या. १९८७ मध्ये कायद्याने त्यांचे भाडेपट्टे झाले. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतून खनिजाचे ट्रक धावत राहिले आणि लाल गाळ भातशेतांत उतरत राहिला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, आणि एप्रिल २०१४ च्या निकालात असे सांगितले की, विकलेल्या खनिजाच्या रकमेतला १० टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत ठेवावा. खाणी थांबल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांचे हाल झाले, हे खरेच आहे. त्यांचाही हिशेब कुणी आधी केला नव्हता. परंतु जमिनीखालचे धन म्हणजे या पिढीची कमाई नव्हे, ही गोष्ट आपल्या देशातल्या न्यायालयाने रुपया-पैशांत मांडली, म्हणून मला तो निकाल मोठा वाटतो. २०१५ पासून खाणी असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान असावे असाही कायदा आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडून आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या मित्रांना मला विचारायचे आहे की, त्या पैशाचा हिशेब तुमच्या ग्रामसभेत कधी वाचला गेला काय?

अर्थशास्त्रज्ञ या सगळ्या प्रकाराला 'संसाधनांचा शाप' म्हणतात. रिचर्ड ऑटी यांनी १९९३ मध्ये हा शब्द रूढ केला. शब्द आकर्षक आहे, पण मला तो फसवा वाटतो. आपल्या पुराणांत शाप आपोआप लागत नाही. शाप देणारा कुणीतरी असतो, त्याचे नाव असते, आणि बहुतेक वेळा त्याच्या पायाशी गेले तर उःशापही मिळतो. फॉस्फेटचा दगड किंवा तेलाची विहीर शाप देत नाही. टनामागे अर्धा पेनी देणाऱ्यांची नावे दप्तरांत आहेत, न्यासाचा पैसा उधळणाऱ्यांचीही आहेत. नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि १९९३ मध्ये तडजोड होऊन १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई मिळवली. इवल्याशा देशाने केलेली ही गोष्ट सरांनी तासाला सांगितली नाही, ती सांगायला हवी होती असे मी नम्रपणे सुचवते.

राहता राहिले आमचे रान. गेल्या दिवाळीत मी घरी एक गणित करून पाहिले. वीस गुंठे म्हणजे २१,७८० चौरस फूट. दोन फूट खोल माती काढली म्हणजे ४३,५६० घनफूट, सुमारे ४३५ ब्रास. एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास माती बसते. म्हणजे ३४० ट्रॉल्यांत ते रान उचललेच जाऊ शकत नव्हते. भिंत बरोबर होती. मी हे आईला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला ठाऊकच होतं की. तुला आता कळलं होय?" आणि चुलीकडे वळली.

यंदा तोच भट्टीवाला वरच्या पट्टीची माती मागतो आहे. माझे शेवटचे वर्ष अजून बाकी आहे, वसतिगृहाचे पैसे भरायचे आहेत, आणि विहिरीचे कामही अर्धे राहिले आहे. अण्णांनी मला विचारले, "तू काय म्हणतेस?" माझ्या आजवरच्या फीमध्ये त्या खालच्या पट्टीतली थोडी माती आहेच, तेव्हा 'विकू नका' असे मला एकदम म्हणता येईना. मी म्हटले, विकायचीच असेल तर एक फुटाच्या खाली जायचे नाही, पैसा आधी विहिरीला, आणि सौदा कागदावर. अण्णांनी अजून होकार दिलेला नाही. आईने मात्र मागची भिंत या वेळी सारवताना त्या जुन्या रेघा तशाच ठेवल्या आहेत.